गायीच्या वाट्याचा पापुद्रा

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. पाव यागोदाला बाधतो की नाही हे कळायला हवं असेल, तर तिला सहा आठवडे रोज पाव खायला घाला, मग रक्त तपासू. पोटात गहूच नसेल, तर रक्तात भांडणाच्या खुणा कुठून सापडणार?

"म्हणजे पूल कच्चा आहे का, ते त्याच्यावरून ट्रक नेऊन बघायचं," यागोदाचा बाप तिमोन म्हणाला.

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. तिमोननेही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, यागोदा सहा वर्षांची असताना, जेवण झालं की पोट धरून टेबलाखाली जाऊन बसायची. शेवटी मिरेलाने, म्हणजे तिच्या आईने, कुणाला न विचारता घरातला गहू बंद केला. तीन आठवड्यांत पोर टेबलाखालून बाहेर आली आणि वर्षभरात चार किलोंनी भरली. तपासणी राहून गेली. आग विझल्यावर काडी कुणी ओढली हे कोण शोधत बसतं?

पण सप्टेंबरपासून पोर पुन्हा उतरायला लागली. चारातले तीन किलो गेले.

"एक तर गहू कुठून तरी पोटात जातोय," बाई म्हणाल्या. "नाही तर दोष गव्हाचा कधी नव्हताच. मग दुसरीकडे शोधावं लागेल."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" मिरेलाने विचारलं.

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि होतं तिथेच पुन्हा सरळ ठेवलं. "आधी हे तर होऊ दे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून नवराबायको देवाकडे एकच मागणं मागायला लागले: आमच्या घरात गव्हाचा चोर निघू दे. मिरेलाने टॉर्च घेऊन खणांच्या फटी तपासल्या. तिमोन गावचा पोस्टमन. दोन वर्षं तो आपला पाव पोस्टाच्या गाडीतच खात आला होता आणि घरात शिरण्याआधी दारात कोट झटकत होता. आता तो पिसवा झाल्यासारखा झटकायला लागला. कण सापडला असता तर त्याने त्याचा मुका घेतला असता. पण कण काही सापडेना.

तपासणीचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

"मी माझ्या हातानं तिला पाव देऊ?" मिरेला म्हणायची. "ती टेबलाखाली जाऊन बसेल आणि मी वर बसून दिवस मोजू?"

"आणि नाही दिला तर?"

"नाही दिला तर निदान ती टेबलाखाली तरी नसेल."

"तीन किलो गेलेत, मिरेला."

"वजनकाटा बघतेच आहे मी रोज. तू गप्प बस."

तिमोनची म्हातारी गेन्या आत्या चुलीशेजारच्या खुर्चीतून सगळं ऐकत असे. "आमच्या वेळी हे ग्लुटेन-बिटेन कुणालाच नव्हतं," ती म्हणायची. "पोरं आपली सरळ मरायची."

आत्याला बहुतेक हा दिलासा वाटत असावा.

शेवटी ठरलं ते एवढंच, की नाताळ होऊन जाऊ दे. निर्णय पुढे ढकलायला नाताळसारखा सण नाही.

नाताळच्या आधी चर्चमधला ऑर्गनवाला दरवर्षी घरोघर पापुद्रे वाटत फिरतो. गव्हाच्या पिठाचे, कागदासारखे पातळ, पांढरे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की जेवणाआधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापुद्र्याचा तुकडा मोडून खायचा आणि त्याच्या भल्यासाठी काहीतरी मागायचं. जनावरांसाठी एक वेगळा गुलाबी पापुद्रा मिळतो, कारण तीही घरचीच. तिमोनच्या गोठ्यात एकच गाय होती, क्रासुला. म्हणजे गायीला पापुद्रा होता. टेबलावर जी एक रिकामी ताटली अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडतात, तिच्याशेजारीही पापुद्रा होता, आणि हा पाहुणा गेल्या साठ वर्षांत एकदाही आला नव्हता. यागोदाच्या पुढ्यात मात्र तांदळाची कुरकुरीत चकती होती. दोन वर्षं सगळे आपापला पापुद्रा हातात धरून तिच्या चकतीला लांबूनच 'चिअर्स' केल्यासारखं करत आणि पटकन हात पुसत.

गायीचा पापुद्रा नेऊन देणं हे यागोदाचं काम. त्यांच्या घरी आधी गाय, मग माणसं.

"ऐक गं," आत्या म्हणाली, "आज नाताळची आदली रात्र, जनावरं माणसांसारखी बोलतात. क्रासुला बोलली तर विचार तिला, माझ्या पायावरून कुणाची परवानगी काढून गेली होती."

दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर अंधार पडला होता. तिमोन पाण्याची बादली घेऊन यागोदाच्या मागोमाग गोठ्यात गेला. दारातून त्याने पाहिलं. पोरीने गुलाबी पापुद्रा मधोमध मोडला, क्रासुलाच्या कानात काहीतरी पुटपुटली, अर्धा तिच्या जिभेवर ठेवला आणि उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

बापाने पोरीला चोरी करताना पकडावं आणि त्याला नाचावंसं वाटावं, असं सहसा होत नाही. तिमोनच्या हातून बादली सुटली.

"यागोदा! तू हे खाल्लंस!"

ती दचकली. "हा गायीचा आहे, बाबा."

"गव्हाचाच आहे ना!"

"आई म्हणाली माणसांचा खायचा नाही." ती गायीला बिलगली. "मागच्या वर्षी पण अर्धाच खाल्ला. अर्धा तिलाच दिला. विचार तिला."

तिमोनने तिला उचललं आणि ओल्या बुटांनिशी स्वयंपाकघरात आणून उभं केलं. "गहू सापडला!" तो ओरडला. मिरेलाच्या हातातला डाव बिटाच्या सूपात पडला. ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली.

"सांग राणी, मी रागावणार नाही. अजून कुठे खाल्लंस? आठव. शाळेत? कुत्र्याच्या ताटलीतलं?"

"नाही."

"नीट आठव ना. कधीतरी? थोडासा पाव? कुणी दिला असेल!"

"दे की गं आठवून," तिमोन म्हणाला. आपला आवाज गयावया करतोय हे त्याच्या लक्षात आलं.

यागोदाने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. शाळेत उत्तर येत नसलं की बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायची तिला सवय होती.

"हो," ती म्हणाली. "रोज खाते. शाळेत ओलिव्का देते. पाव. वर सॉसेज असतं."

मिरेलाने तिला छातीशी धरलं आणि हसायला लागली. इतकी हसली की आत्याने मागच्या मागे क्रूसाची खूण केली. "रोज!" मिरेला म्हणत होती. "अगं लबाडे, रोज!" मग ती उठली आणि फ्रिजवरचा कागद ओढून काढला. चुंबक जमिनीवर घरंगळत गेला. "आता कसली तपासणी? ओलिव्काचा पाव बंद केला की झालं. लागेल पुन्हा अंगी."

तिमोन उभा राहिला. ओलिव्काचं सगळं घर ऑगस्टमध्येच आयर्लंडला गेलं होतं. त्यांची पत्रं पुढे पाठवायचा अर्ज त्याने स्वतः भरून घेतला होता. त्याने आत्याकडे पाहिलं. जन्मात कधी गप्प न बसलेली ती बाई सूपाच्या भांड्यात डोकावून बघत होती. मिरेलाने कागदाची दोन टोकं दोन हातांत धरली होती.

गप्प राहिलं तर आजचा सण गोड होणार होता. आणि पोरीच्या आत जे काही होतं, ते निवांत वाढणार होतं.

"मिरेला," तो म्हणाला. "ओलिव्का आयर्लंडला गेली."

मिरेलाचे हात थांबले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "निरोपाचा केक मीच नेऊन दिला होता." मग हळू आवाजात, "दोन मिनिटं थांबला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

यागोदा बुटांकडे बघत होती. "पण तुम्ही किती खूश झाला होतात," ती म्हणाली.

सूप उतू गेलं, ते कुणी पुसलं नाही. मिरेलाने कागद मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केला, चुंबक शोधून काढला आणि तो पुन्हा जागेवर लावला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात बोटाने सहा आठवडे मोजले. फेब्रुवारीची चार तारीख आली. तिने त्या तारखेवर पेन्सिलने बारीकशी खूण केली, वाचता येणार नाही इतकी बारीक.

"आजपासून," ती म्हणाली. "उद्या मला धीर व्हायचा नाही."

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. तिमोनने तांदळाची चकती उचलून अवचित येणाऱ्या पाहुण्याच्या ताटलीत ठेवली आणि पाहुण्याचा पांढरा पापुद्रा यागोदाच्या हातात दिला. मग स्वतःचा पापुद्रा तिच्यापुढे धरला.

"मोड."

"माणसांचा आहे," ती म्हणाली.

"हो. आजपासून तुझाही."

तिने अगदी लहानसा कोपरा मोडला. तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत सगळे तिच्या पोटाकडे बघत राहिले, जणू ते आत्ताच काही बोलणार होतं.

"आता माग काहीतरी," आत्या म्हणाली. "बापासाठी. रीत आहे."

यागोदा अडखळली. दोन वर्षं तिने एकाच जिवाबरोबर पापुद्रा वाटून खाल्ला होता आणि तिला एकच मागणं पाठ होतं. तिने बापाला खाली वाकायची खूण केली. तो वाकला. तिने त्याच्या कानाला तोंड लावलं.

"तुझे खूर मजबूत राहू देत," ती कुजबुजली. "भरपूर दूध येऊ दे. आणि हिवाळ्यात तुला कुणी विकू नये."

तिमोन तसाच वाकून राहिला. सरळ झाला असता तर सगळ्यांना त्याचा चेहरा दिसला असता.

"तुलाही," तो म्हणाला. "तुलाही, बाळ."