खिडकीतले देव

तांडापेठेतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी कचराकुंडी होती, आणि कुंडीच्या बरोबर समोर पुष्पलताच्या घराची खिडकी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने ती खिडकी बंदच पाहिली होती. नुसती बंद नाही, बाहेरून फळ्या ठोकलेली, फटींत चिंध्या कोंबलेली. पाहुणे आले की आधी नाकाला पदर लावत, मग बोलत. तिला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

मग महापालिकेने कुंड्या उचलायचं ठरवलं. रोज सकाळी गाडी दारात येणार, ओला कचरा वेगळा द्यायचा, सुका वेगळा, म्हणजे कुंडीची गरजच नाही. एक दिवस क्रेन आली आणि कुंडी घेऊन गेली. मागे रस्त्यावर चौकोनी काळा डाग राहिला. त्याच दुपारी पुष्पलताने पक्कड शोधली, फळ्यांचे खिळे उपटले, ते एका डब्यात जपून ठेवले आणि सासऱ्यांची खाट खिडकीशी ओढली.

जागेश्वर जन्मभर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. आता माग विकला होता आणि खड्डा बुजवून वर फरशी बसवली होती. पाय सुजलेले, छाती भरलेली. खाटेवरून मोरीपर्यंत जाणं हाच काय तो प्रवास. खिडकी उघडली तसे ते बराच वेळ डोळे बारीक करून समोर पाहत राहिले.

"शोभाच्या घराले रंग कधी दिला वं?"

"लय वर्षं झाली, मामाजी."

"मले कोणी सांगतलं नाही," ते म्हणाले. जरा रागातच.

त्या दिवसापासून त्यांचं खाणं सुधारलं. भाजीवाला उशिरा आला की ते त्याला खिडकीतून जाब विचारू लागले. नवरा कन्हानच्या कारखान्यात पाळीवर, घरी येऊन जाऊन. तेव्हा दिवसभर बोलायला पुष्पलताला सासरेच. पण आता निदान ते दुसऱ्या कोणाशी तरी भांडत होते, एवढा आराम तिला पुष्कळ होता.

कुंडी गेली तरी लोकांचे हात काही कुंडीबरोबर गेले नाहीत. चार दिवसांत काळ्या डागावर पिशव्या दिसू लागल्या. समोरच्या शोभाताईंना तिने रंगेहाथ पकडलं.

"गाडी येते तेव्हाच माझा नळ येते," शोभाताई म्हणाल्या. "मी पाणी भरू का कचरा देऊ? तूच सांग."

झोन ऑफिसातले सफाईचे निरीक्षक, अनंत, मोटारसायकल टेकवून डागापाशी उभे राहिले. दिवसभर अशाच डागांपाशी उभं राहून थकलेला माणूस.

"ताई, हे असंच राहिलं तर कुंडी परत ठेवा लागन. वरून लोकं पाहायले येऊन राहिले. रस्त्यावर पडण्यापरीस कुंडीत पडलेला बरा, असं साहेब म्हणतात."

"मंग खिडकी?"

"कोणती खिडकी?" अनंत म्हणाले.

संध्याकाळी पुष्पलताने देव्हाऱ्यातली लक्ष्मीची जुनी फ्रेम काढली, डागाच्या वर भिंतीला टांगली आणि झेंडूचा हार घातला. देवीच्या पुढ्यात कोण टाकतं पाहू. खरंच, दुसऱ्या दिवशी एकही पिशवी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. तिला स्वतःच्या डोक्याचं मोठं कौतुक वाटलं. जागेश्वर तेवढे म्हणाले, "देव बसवले तर त्याईले पाहाबी लागते, पुष्पे."

आठवड्याने लक्ष्मीच्या खाली सोंड तुटलेला एक गणपती येऊन बसला. मग वाळवी लागलेला शंकर. मग दुर्गेची काच फुटलेली मोठी फ्रेम, गेल्या सालची कॅलेंडरं, सुकलेल्या हारांची गाठोडी. प्रत्येक घरात माळ्यावर नाहीतर कपाटामागे एखादा निवृत्त देव असतोच. तलावात सोडू देत नाहीत आता, आणि ज्याच्या बुडाशी ठेवत तो पिंपळ रस्ता रुंद करताना गेला. लोकांना जागाच हवी होती, ती पुष्पलताने करून दिली. कचरा टाकताना लोक निदान लाजत तरी होते. देव तर हात जोडून ठेवून जात. महिनाभरात डाग दिसेनासा झाला.

गाडीवाल्या रुपरावाने हात वर केले. "देव मी कचऱ्याच्या गाडीत नाही टाकत, वहिनी. माह्या घरी लेकरंबाळं आहेत."

"अहो, पण कुठं तरी द्याच लागन ना. ओल्यात घ्या, नाही तर सुक्यात घ्या."

रुपरावाने खरोखर विचार केला. "देव ओल्यातही नाही बसत," तो म्हणाला, "अन् सुक्यातही नाही." आणि गाणं वाजवत गाडी पुढे गेली.

अनंतांनीही नकारार्थी मान हलवली. मूर्तींसाठी गणपतीच्या दिवसांत विसर्जनाचे हौद ठेवतात तेवढेच. फोटोंची सोय कुठेच नाही. "सोमवारी वरचे लोकं येतीन पाहायले," ते म्हणाले. "मी काही करू नाही शकत, ताई. कुंडी गोदामात तशीच ठेवून आहे." या वेळी त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

पुष्पलता घरात येऊन खाटेच्या कडेला टेकली. फळ्या मोरीमागे होत्या, खिळे डब्यात. पुन्हा ठोकायला कितीसा वेळ. रडूही येईना, इतकी ती दमली होती.

"आत आण," जागेश्वर म्हणाले.

"काय?"

"देव. आत आण एकेक. अन् ते पक्कड दे मले."

तिने आधी आपलीच लक्ष्मी आणली. जागेश्वरांनी फ्रेम मांडीवर घेतली. मागावरचं लुगडं पुरं झालं की कापायच्या आधी त्या घरात एक रीत होती: कापडावर हात ठेवायचा, तो कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, झालं तुझं काम. मगच कात्री. पुष्पलताने लग्नाच्या वर्षी ते पाहिलं होतं आणि मग माग गेला तसं विसरूनही गेली होती. आता म्हाताऱ्याने लक्ष्मीवर हात ठेवला, कपाळाला लावला.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले आणि पाठीमागचे खिळे ओढू लागले.

काच एका बाजूला, लाकूड एका बाजूला, पुठ्ठा वेगळा. रंगीत कागद पाण्याच्या बादलीत. घाई नाही; जन्मभर धाग्यांचे गुंते सोडवलेले हात होते. बादलीत देव हळूहळू विरघळत गेले, आणि तो लगदा पुष्पलताने दारातल्या जास्वंदीच्या बुडाशी टाकला. सुकलेले हारही तिथेच पुरले. प्लास्टरचे गणपती तेवढे अडले. ते खाटेखाली गेले, हौदांची वाट पाहत.

शोभाताई आपल्या दारातून पाहत होत्या. "देवाले उसवून राहिले म्हातारे. पाप लागन."

"लागू दे," जागेश्वर खिडकीतून म्हणाले. "तिकडं गेलो का त्याईलेच विचारतो, उन्हापाण्यात रस्त्यावर बरं होतं का म्हणून."

रुपराव आला तेव्हा त्याच्यापुढे फक्त काच, लाकूड आणि पुठ्ठा होता. त्याने पुठ्ठा उलटापालटा करून पाहिला, मागे कोणी शिल्लक तर नाही ना, आणि सगळं सुक्यात घेतलं.

सोमवारी पाहणारे आले. त्यांनी स्वच्छ काळ्या डागाचा फोटो काढला आणि गेले. अनंत मागे थांबले, पाणी प्यायले.

"बाकीच्या गल्ल्यांतही हाच ताप आहे, ताई. त्याईले तुमचं घर सांगतलं तर चालन का?"

नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर होतं. तिने खिडकीकडे पाहिलं. जागेश्वर पक्कड हातात धरून, उन्हात, तोंड उघडं टाकून झोपले होते.

"सांगा," ती म्हणाली.

आता पार जरीपटक्याहून लोक स्कूटरवर देव घेऊन येतात. खिडकीच्या पट्टीवर फ्रेमा एकीला एक टेकलेल्या असतात, खाटेखाली झाडू जात नाही. पुष्पलताचं कमरेचं दुखणं बादल्या उचलून वाढलं आहे. कोणी नमस्कार करायला लागलं की ती आधीच सांगते, "काच पुसून आणत जा जी, हात चिरते म्हाताऱ्याचा."

परवा दुपारी शोभाताई आल्या. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. बसल्या नाहीत.

"नवं फर्निचर केलं ना पोरानं," त्या म्हणाल्या. "भिंतीले खिळा नाही मारू देत. मले वाटलं... हेबी होते का?"

जागेश्वरांनी कागद सोडवला. चंदनाचा हार घातलेली, उडालेल्या रंगाची एक म्हातारी. शोभाताईंची सासू. ती याच घरात बसून जागेश्वरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्यांनी फोटोवर हात ठेवला, कपाळाला लावला. पुढचं वाक्य मात्र आलं नाही. पक्कड खाटेवर तशीच पडून राहिली.

"पुष्पे, एक खिळा आण वं."

पुष्पलता उठली. आज ही एक. उद्या शोभाताई नळावर सांगतील आणि अख्ख्या पेठेतल्या सासवा या भिंतीवर येतील. डब्यातून खिडकीचाच एक खिळा काढून, बत्ता घेऊन ती आली.

"कुठं मारू?"

"खिडकीच्या समोर. तिले तिचं घर दिसलं पाह्यजे."

शोभाताईंनी मान वळवून बाहेर पाहिलं, आणि तशाच पाहत राहिल्या.

"मंग तुमचे हे देव सरकवा बाजूले, मामाजी," पुष्पलता स्टुलावर चढत म्हणाली. "आडवे येऊन राहिले."