निळा खडा

"काय कोकिळाताई, आजबी आमच्या वळूंच्या वाट्याचं घेऊन चालल्या का?"

आर्वीच्या गुरांच्या दवाखान्यातले भैयाजी कंपाउंडर रोज हेच विचारत. वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला नागपूरहून द्रव नायट्रोजन यायचा, आणि त्यातला थोडा कॉलेजच्या प्रयोगशाळेला मिळायचा.

"तुमच्या वळूंहून माह्या खड्याले थंडी जास्त लागते, भैयाजी," कोकिळा म्हणाली.

"तुमाले पेढे भेटले ना? प्रभाकरराव सर काल देऊन गेले. भाचा म्हणे बंगलोरले निबंध वाचून आला, तुमच्याच त्या निळ्या खड्यावर!"

कोकिळेने रिकामा कॅन तसाच उचलला.

"अवं ताई, नायट्रोजन ऱ्हायला ना!"

ती थांबली नाही.

तो खडा म्हणजे एक स्फटिक, तिने स्वतः प्रयोगशाळेत वाढवलेला. खूप थंड केला की त्याच्यातले इलेक्ट्रॉन लाटेसारख्या ओळी धरत. विजेचा झटका दिला की ओळी सरकत, आणि झटका थांबला तरी जिथे अडकल्या तिथेच राहत. कीर्तन संपून बुवा उठून गेले, तरी मांडवातले लोक आपले बसलेलेच असावेत, तशा. ती काही त्यांची खरी विसाव्याची जागा नव्हे. पण गारवा आहे तोवर सुटत नाहीत. शेवटचा झटका कुठल्या बाजूने बसला, तेही खडा लक्षात ठेवी. ऊब लागली की सारं पुसलं जाई.

हे तिला सापडलं तेव्हा तिने शोधनिबंध लिहून विभागप्रमुख प्रभाकरराव सरांपुढे ठेवला. वर सरांचं नाव, खालची जागा कोरी. लहानपणापासून राममंदिरात कीर्तन ऐकत आलेली बाई ती; आधी गुरूचं नाव घ्यायचं आणि आपलं गुरूने घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. तिचं नाव छापून आलं असतं तर तिला अधिव्याख्यातेपद मिळालं असतं. दुसऱ्यांच्या वर्गांची प्रात्यक्षिकं मांडता मांडता तिचे केस पिकायला लागले होते.

"घाई नको. खडा किती दिवस तसाच राहतो ते पाहू, मग पाठवू," सर म्हणाले होते. म्हणून ती रविवारीही येऊन नायट्रोजन ओतत होती.

प्रयोगशाळेत सर आधीच आलेले होते.

"सर, खाली तुमच्या भाच्याचं, बबनचं नाव टाकलं?"

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. "पोराची नोकरी अडून राह्यली होती, कोकिळाबाई. तुम्हाले काय, एकटा जीव. अन् आभारात आहे ना तुमचं नाव! जागा मीच कोरी सोडाले सांगितली होती काय?"

खरंच, जागा तिनेच सोडली होती.

"बरं, ते असू द्या. सोमवारी दिल्लीचे पाहुणे येऊन राह्यले. त्यांले हीच अवस्था दाखवायची आहे. वाफ कमी दिसते, ओता पाहू."

"आणला नाई, सर."

"काऊन?"

"भैयाजीनं पेढ्याचं सांगितलं. मंग हात नाई उठला."

"अवो, पुसून जाईल ना सगळं! इतक्या दिवसांचं!"

"हो," ती म्हणाली. "माले माईत आहे."

सर कॅन घेऊन स्वतःच धावले. त्यांच्या स्कूटरचा आवाज गुरांच्या दवाखान्याकडे विरत गेला. खड्याच्या भांड्यावरची वाफ बारीक झाली, मग थांबली. खड्याला जोडलेल्या मीटरचा काटा थरथरला आणि सावकाश घसरू लागला. कोकिळा हात जोडून उभी होती, काकडआरतीला उभी राहायची तशी. कुणाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

काटा थांबल्यावर तिने खडा बाहेर काढला. त्याच्यावर दव धरलं होतं. तिने ते पदराने टिपलं, अगदी हलक्या हाताने, तापातून उठलेल्या लेकराचं कपाळ टिपावं तसं.