शनिवारची खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. मित्रांनो, माझे नाव ऐकून तुम्हाला एखादा आजारी माणूस नाहीतर उन्हाळ्यातली गच्ची आठवली असेल. माझ्या वाट्याला यातले काहीच आले नाही. माझ्यावर फक्त शनिवारी कोणीतरी झोपायचे, आणि बाकीचे दिवस मी कपाटामागे भिंतीला पाठ लावून उभी असायचे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या वाकवणारा कारागीर दिवसभर आपल्या सासऱ्याच्या नावाने बोटे मोडायचा, पण त्याच्या हातात कसब होते. माझे चारही पाय जमिनीला एकदम टेकले तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला. मग एका बाईने माझ्यावर निळी-पांढरी नवार घट्ट ताणून विणली. बिजागऱ्यांना तेल मिळाले आणि मी दुकानात गेले.

दुकानात लोक माझ्यावर टेकून बघत आणि पलंगांकडे वळत. एके दिवशी निळा कामाचा शर्ट घातलेला एक माणूस आला. मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. वंगण नखांत कायमचे बसलेले. त्याने बूट काढले आणि तो भर दुकानात माझ्यावर पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपला, लहान मूल झोपते तसा. उठून विचारले, "मुलीला टोचणार नाही ना?"

"छे, पाहुण्यांसाठी एक नंबर," दुकानदार म्हणाला. "पाहुणे गेले की घडी घालून ठेवा, जागा अडत नाही."

‘पाहुणे’ हा शब्द त्याला लागला. पैसे मोजून तो मला खांद्यावर टाकून चालू लागला.

त्याचा नुकताच घटस्फोट झाला होता. मुलीने आईजवळ राहायचे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे यायचे, असे ठरले होते. हा माणूस घरात असला तरी नसल्यासारखाच असतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. जेवताना फोन वाजला की तो ताट सोडून उठायचा. कुठल्यातरी लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलेले असायचेच. बायको खोटे बोलत नव्हती हे त्याला ठाऊक होते, आणि तेच त्याच्या जिवाला खात होते.

त्याची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तो तिला ठकू म्हणायचा. पहिल्या शनिवारी तिने मला पाहिले, माझ्यावर उड्या मारल्या, माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या तेव्हा पोट धरून हसली आणि जाहीर केले, "ही माझी खाट. इथे दुसऱ्या कोणी झोपायचं नाही." मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. पण ती मला पुरली.

बाप तिच्यासाठी भात करायचा आणि तो खाली लागायचा. ती तो मुकाट्याने खायची आणि "छान झालाय" म्हणायची. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मी पाणी घेऊ का?"

त्याने पेला भरून दिला. मग ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभा राहिला. आपल्या घरात पाण्यासाठी कोणते मूल परवानगी मागते? हे घर तिचे नव्हते. ते तिचे कसे करायचे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. लिफ्ट बंद पडली तर कुठली तार बघायची हे तो झोपेतही सांगू शकला असता.

मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी साधेच असायचे. शाळा कशी आहे, मैत्रिणी कोण. पुढे पुढे, घरी कोण येते, नळ गळत होता तो कोणी दुरुस्त केला, आई फोनवर कोणाशी बोलते. ठकू माझ्या कडेला पाय हलवत बसायची आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाकडे बघायची. शेजारच्या काकांनी नळ दुरुस्त केला म्हटले की बाबांचा चेहरा पडतो आणि मग रविवार वाया जातो, हे तिच्या लक्षात आले. कोणी येत नाही म्हटले की बाबा आइसक्रीम आणतात, हेही आले. मुलांना हिशेब शिकवावे लागत नाहीत.

एकदा ती म्हणाली, "आई रडते कधी कधी. तुझी आठवण येते म्हणते."

त्या दिवशी त्याने गाणे गुणगुणत भांडी घासली. पुढच्या आठवड्यात शर्टाला इस्त्री केली, आरशासमोर दोनदा भांग पाडला आणि तो बाहेर पडला. परतला तेव्हा त्याची मोठी बहीण बरोबर होती. तो माझ्यावर बसला आणि जे घडले ते त्याने तिला तुटक तुटक सांगितले. तो त्या घरी गेला होता. पुन्हा एकत्र राहूया, असे म्हणाला होता. बायकोने विचारले, मी रडते असे तुला कोणी सांगितले? ठकू पाठीमागे उभी होती. दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिले आणि पोर भिंतीला चिकटली. मग बायकोने सांगितले की बाबा जेवत नाहीत, तुझ्यासाठी झुरतात, असे ही मुलगी तिलाही सांगत आली होती.

"आता तूच विचार तिला, तिला काय हवंय ते," बहीण म्हणाली.

"भीती वाटते, ताई."

"कसली?"

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलेल."

पुढच्या शनिवारी ठकू आली ती दप्तर मांडीवर घेऊन माझ्या टोकाला बसली. बूटही काढले नाहीत. बाप तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने बोलायचे ठरवून ठेवले असावे, कारण तो भरभर बोलला. तुझी काही चूक नाही, चूक माझी आहे, मी तुला तसले प्रश्न विचारायला नको होते. आणि हे म्हणता म्हणता त्याच्या तोंडून निघून गेले, "आई माझ्याबद्दल काही म्हणाली का गं?"

मुलीने वर पाहिले. कोणते उत्तर द्यावे हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. ते त्याला दिसले. त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि तो बोटांआडून म्हणाला, "नको. नको सांगूस."

त्यानंतर त्याने तिला काहीही विचारणे सोडले. घरचे नाही, शाळेचे नाही, ताप आहे का हेसुद्धा कपाळाला हात लावून बघायचा. दोघे टीव्ही बघत बसायची. ठकू वाढली, तिचे पाय माझ्याबाहेर यायला लागले. नवा पलंग घ्यावा, तर तिला वाटेल बाबा राहायला भाग पाडतो आहे. न घ्यावा, तर वाटेल की येऊ नकोस म्हणतो आहे. तो दुकानापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा. तोवर तिने मुक्काम करणे सोडले. रविवारी दुपारी येऊन चहा पिऊन जाऊ लागली. कपाटामागे माझी नवार सैल पडली, नळ्यांना गंज धरला. मला उघडायचे कारण उरले नव्हते.

परवा ती आली. शिकायला दूरच्या शहरात निघाली होती. निरोप घेताना दारातच थांबली.

"बाबा, तू मला कधी काही विचारत का नाहीस?"

"तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून."

"मला वाटायचं, तुला माझा कंटाळा येतो."

तो खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत त्याने जे जपून केले होते, ते तिच्यापर्यंत असे पोचले होते. मग त्याने धीर करून विचारले, "तुला इथे यायला आवडायचं का?"

या वेळी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

"नाही," ती म्हणाली. "तू वाट बघत असशील, म्हणून यायचे."

ती खरे बोलली होती. त्याने मान हलवली, तिची बॅग उचलली आणि खाली रस्त्यापर्यंत पोचवली. वर आल्यावर मला कपाटामागून ओढून त्याने जिन्याखाली नेऊन ठेवले. भंगारवाला एकदा येऊन मला हलवून बघून गेला आहे.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. माणसांनी मला नीट वापरले नाही, पण छळलेही नाही. तुमच्यापैकी कोणी दोन घरांत राहत असेल, तर त्याच्यासाठी एवढेच सांगते. एका घरातली बातमी दुसऱ्या घरात कोणी मागितली, तर मला माहीत नाही म्हणा आणि खेळायला जा. मोठ्यांना बरे वाटावे, हे तुमचे काम नाही. आणि तहान लागली तर उठा, पेला घ्या, पाणी प्या. कोणाला विचारू नका.