मास्तरांनी न पाहिलेली ज्वाळा

मास्तरांचं व्याख्यान तीस वर्षांत एका शब्दानेही बदललं नव्हतं. क्लबच्या तळघरात त्यांची नेमबाजीची रेंज होती. भिंतींना जाड फोम, एका टोकाला टांगलेली कागदी लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला सहा टेबलं. नवीन माणूस शिकायला आला की मास्तर लोखंडी कपाट उघडून थोरलीला बाहेर काढत. थोरली म्हणजे क्लबातलं सगळ्यात दांडगं रिव्हॉल्व्हर. बाकीची पिस्तुलं म्हणजे धाकट्या.

"हिच्या तोंडातून हातभर ज्वाळा निघते," मास्तर सुरू करत. "का निघते? नळी आखूड आणि दारू भरपूर. सगळी दारू नळीच्या आत नीट जळायला वेळच मिळत नाही. गोळी सुटते, आणि तिच्या पाठोपाठ तापलेला वायू बाहेर पडतो, अर्धामुर्धा जळलेला. आत त्याला हवा पुरलेली नसते. बाहेरची हवा लागली रे लागली, की भडकतो. जेवता जेवता उठून पळालेला माणूस दाराबाहेर जाऊन तोंडातला घास संपवतो ना, तसं."

"म्हणजे ज्वाळा जितकी मोठी तितका मारा मोठा?" कुणीतरी हमखास विचारायचं.

"अजिबात नाही. गोळी केव्हाच निघून गेली. मागे कितीही भडका उडू दे, तिला काय त्याचं?"

हे व्याख्यान घरी ऐकून ऐकून पाठ झालेली त्यांची बायको म्हणायची, "तुमचंच वर्णन आहे. नळी आखूड, दारू भरपूर." मास्तर उंचीला बेताचे होते, आणि एकदा बोलायला लागले की त्यांना आवरायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

नियमही मास्तरांचाच. थोरली चालवायची वेळ आली की ते दिवे मंद करत आणि गोळी सुटली की एकच प्रश्न विचारत, "काय दिसलं?" ज्वाळा दिसली म्हणजे डोळे उघडे होते. नाही दिसली म्हणजे चाप दाबण्याआधीच मिटले. "धडाक्यानंतर पापणी सगळ्यांचीच लवते, त्यात लाज नाही," ते बजावत. "लाज आहे ती आधीच मिटण्यात." ज्याला दिसली नाही त्याने कोपऱ्यातला झाडू उचलायचा आणि धाकट्यांमधून उडून जमिनीवर पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या. तीनदा दिसली नाही, तर टीममधून नाव कट.

त्यामुळे व्हायचं काय, की सगळ्यांना दिसायची. "मध्ये पिवळी, कडेला केशरी, अगदी झेंडूचं फूल!" व्याख्यानातले शब्द मास्तरांना जसेच्या तसे परत मिळत, आणि ते समाधानाने मान हलवत.

दिसायची नाही ती फक्त डॉक्टरीणबाईंना. बाई दातांच्या डॉक्टर. धाकटी हातात दिली तर दहातल्या नऊ गोळ्या मधोमध मारायच्या. पण थोरलीनंतर मास्तरांनी विचारलं की शांतपणे म्हणायच्या, "काही नाही, मास्तर." आणि झाडू उचलायच्या. असं दोनदा झालं होतं. येत्या शनिवारी तिसरी खेप होती, आणि त्याच दिवशी स्पर्धेच्या टीमची यादी लागायची होती.

मास्तरांना या बाईंचा मनस्वी राग यायचा. इतका, की घरी जेवताना त्यांचा विषय निघायचा. "खोटं बोलता येत नाही म्हणजे काय! माणसाला थोडी तरी लाज हवी!" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन भाजी वाढून घेऊ लागले.

कारण, आता सांगूनच टाकतो, मास्तरांनी ती ज्वाळा जन्मात पाहिली नव्हती. एकदाही नाही. थोरली स्वतः चालवताना नाही, दुसरा चालवत असताना शेजारी उभं राहूनही नाही. धडाका होणार हे कळायचा अवकाश, की त्यांच्या पापण्या आपोआप खाली येत. नेम तोवर धरलेला असे, हात तीस वर्षांचा मुरलेला, त्यामुळे गोळी जायची तिथेच जायची. गडद पिवळ्या चष्म्यामुळे कुणाला काही कळत नसे. झेंडूचं फूल त्यांनी एका जुन्या पुस्तकातल्या चित्रावरून उचललं होतं. दर वेळी ते मनाशी म्हणत, पुढच्या खेपेला नक्की बघू. असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बायकोला मात्र संशय होता. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तुम्ही डोळे मिटता," ती एकदा म्हणाली होती.

"वाफ असते डोळ्यात."

"बाहेरच्या खोलीत?"

आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांची पुतणी कॅमेरा घेऊन आली. ती फोटोग्राफर. क्लबच्या दारावर लावायला मोठं चित्र हवं होतं: मास्तर, हातात थोरली, आणि तोंडाशी फुललेली ज्वाळा. तिने भाड्याने आणलेला कॅमेरा सेकंदाला काही हजार चित्रं काढायचा.

"काका, हा पिवळा चष्मा नको. चेहरा दिसायला हवा. हा बिनरंगी घाला."

मास्तरांनी चष्म्याची परंपरा, क्लबची शिस्त, स्वतःची दृष्टी अशी सगळी कारणं सांगून पाहिली. पुतणी त्यांच्याच घराण्यातली, ती ऐकतेय कसली! शेवटी त्यांनी चष्मा बदलला, श्वास धरला, आज काही झालं तरी डोळे उघडे ठेवायचेच असं ठरवलं आणि चाप दाबला.

पुतणीने लॅपटॉपवर एकेक चित्र पुढे सरकवलं. पहिल्यात मास्तर रुबाबात उभे. मग पापण्या अर्ध्यावर. मग डोळे गच्च मिटलेले, नाक मुरडलेलं, कडू औषध पाजताना लहान मूल करतं तसं तोंड. थोरली अजून गप्पच होती. त्यानंतर कितीतरी चित्रांनी नळीच्या तोंडाशी बारीकशी लाली आली, विझल्यासारखी झाली, आणि मग बाहेरच्या हवेत एकदम भला मोठा लोळ पेटला. व्याख्यानात सांगत तसंच, अगदी त्याच क्रमाने. मास्तरांना आधी त्याचाच अभिमान वाटला आणि मग स्वतःचा चेहरा दिसला.

पुतणी हसली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"हे पुसून टाक," ते म्हणाले.

"फक्त हात आणि ज्वाळा ठेवून कापता येईल. चेहरा जाईल."

"मग काप. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बरं. पण मी दोन्ही छापून आणते. शनिवारी कुठलं लावायचं ते तुम्हीच ठरवा."

शनिवारी सकाळी टीमचे सातही जण तळघरात जमले. पुतणीने दोन गुंडाळ्या टेबलावर ठेवल्या. मास्तरांच्या खिशात यादी होती, आणि तिच्यात डॉक्टरीणबाईंचं नाव नव्हतं. तिसऱ्या खेपेचा निकाल त्यांनी आदल्या दिवशीच लावून टाकला होता.

दिवे मंद झाले. डॉक्टरीणबाईंनी थोरली उचलली. धडाका झाला.

मास्तरांनी डोळे उघडले. "काय दिसलं?"

बाईंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. "काही नाही, मास्तर." आणि त्या झाडूकडे निघाल्या. तिसरी वेळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या झाडू घ्यायला चालल्या होत्या.

मास्तरांना ते बघवेना. "थांबा," ते म्हणाले. पुढे होऊन त्यांनी एक गुंडाळी उलगडली आणि सूचनांच्या फळ्यावर टाचण्यांनी लावली. चेहऱ्यासकट.

मग मागून कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"हसा," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मी असाच उभा आहे. मला कधीच दिसली नाही. झेंडू पुस्तकातला आहे." त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी खिशातली यादी काढली, सगळ्यात वर डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलं आणि झाडूला हात घातला.

"मास्तर," टीममधला बँकवाला पुढे आला, "खरं सांगायचं तर मलाही नव्हती दिसली."

"मलाही नाही," दुसरा म्हणाला. बघता बघता बाकीच्या सहापैकी पाच जणांनी कबूल केलं, आणि सहावा म्हणाला की त्याला नक्की आठवत नाही. पितळ सगळ्यांचंच उघडं पडलं होतं, आणि झाडू एकच होता.

डॉक्टरीणबाई मात्र फळ्यावरचं चित्र निरखत होत्या. "हा चेहरा मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "सुई टोचायच्या आधीचा. डोळे मिटू नका म्हटलं की माणूस हमखास मिटतो. म्हणून मी म्हणते, उजव्या पायाचा अंगठा हलवा. मन तिकडे गुंततं, सुई कधी गेली कळत नाही."

"मग स्वतःवर का नाही वापरलंत?" मास्तरांनी विचारलं.

"स्वतःचा चेहरा कुठे दिसतो? मीही पेशंटच आहे, हे आत्ता कळलं!" बाई म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या. त्यांनी पुन्हा थोरली उचलली. बुटाच्या टोकाशी काहीतरी वळवळलं. धडाका झाला.

"दिसली!" त्या ओरडल्याच. "अहो मास्तर, ती झेंडूसारखी नाहीच मुळी!"

"मग कशासारखी आहे?"

"ते मी नाही सांगणार. तुम्हीच बघा."

मास्तरांनी पिवळा चष्मा काढून बाजूला ठेवला, बिनरंगी घातला. त्यांनी लक्ष्य धरलं आणि अंगठा हलवायला सुरुवात केली. उजवा की डावा यात क्षणभर गोंधळ झाला. त्या गोंधळातच चाप दाबला गेला.

आवाज विरला. मास्तर तसेच उभे, डोळे टक्क उघडे.

डॉक्टरीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काय दिसलं?"

"दिसली," मास्तर म्हणाले. पुन्हा म्हणाले, "दिसली हो, दिसली!"

"रंग कोणता?"

मास्तरांनी तोंड उघडलं. तीस वर्षांचं पिवळं आणि केशरी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"रंग बघायचा राहिला," ते म्हणाले, आणि थोरलीत दुसरी गोळी भरायला घेतली.