पांढऱ्या कपाळाचा हंस

भास्कररावांनी ट्रायपॉडवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, आणि दीप्ती म्हणत होती तो पक्षी त्यांना लगेच दिसला.

वढवाणा तलावाच्या पलीकडच्या काठावर दीडएकशे कलहंस चरत होते, दिवाळीनंतर दरवर्षी येतात तसेच, राखी आणि थोराड. त्यांच्यात हा एक लहानखुरा. चोचीच्या मुळापासून निघालेला पांढरा पट्टा पार माथ्यापर्यंत चढलेला, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पांढऱ्या कपाळाचा छोटा हंस. उत्तरेकडून येताना चुकूनमाकून इकडे वळला तर वळतो. कोयलीच्या रिफायनरीत प्रयोगशाळेची नोकरी करता करता आणि निवृत्तीनंतरही, तीस वर्षं ते तलावाच्या या पाळीवर, या मातीच्या बांधावर येत होते. त्यांना तो कधी भेटला नव्हता.

"दिसला ना काका? उजवीकडून चौथा." दीप्तीचा आवाज उत्साहाने चढला होता. "मला वाटतं तोच आहे."

भास्कररावांनी दुर्बीण उगाचच थोडी हलवली, पुन्हा जागेवर आणली. दीप्ती बँकेत होती, आणि तिला हा नाद लागून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पण तिची नजर तिखट होती, आणि भास्कररावांचा जुना सोबती आनंद तिच्यावर खूश होता. हाच आनंद पूर्वी पहाटे पाच वाजता त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, थंडीने दात वाजवत डभोईपर्यंत यायचा. आता तो दीप्तीच्या गाडीत पुढे बसायचा आणि भास्करराव मागच्या सीटवर. आज दुर्बीण उभी केल्यावर "आधी तू बघ गं" असं आनंद तिलाच म्हणाला होता.

"कलहंसच आहे," भास्करराव म्हणाले.

"पण कपाळ..."

"म्हाताऱ्या कलहंसांना चोचीपाशी थोडं पांढरं येतं. पुष्कळदा पाहिलंय मी."

"आणि ते डोळ्याभोवतीचं पिवळं?"

"ऊन तिरपं आहे."

ते बाजूला झाले. आनंदने वाकून दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तो पाहत राहिला. मग सरळ होत, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भास्कर म्हणतोय तर तसंच असेल."

दीप्तीने फोटो काढून पाहिले. इतक्या लांबून राखी ठिपक्यांपलीकडे काही येत नव्हतं. "चालो ने, मग कलहंसच," असं आपल्या गुजराती वळणाने म्हणत ती हसली आणि तिने पुढची बदकं मोजायला घेतली. थोड्या वेळाने थवा उठला आणि गलका करत शेतांच्या दिशेने गेला.

संध्याकाळी पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. आज मी कलहंसाला भलतंच काही समजून बसले होते, भास्करकाकांनी फजितीतून वाचवलं, असा. खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली. भास्कररावांनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि जेवायला बसले, पण भाकरी अर्धीच खाल्ली.

बुधवारी ते कोणाला न सांगता एस. टी.ने डभोईला आणि तिथून रिक्षाने तलावावर गेले. हंस पुन्हा दिसला तर सांगायला सोपं जाईल, असा हिशेब होता. रविवारी चूक झाली माझी, आज नीट पाहिला, एवढंच म्हणायचं. खोटं बोलल्याचं कोणाला कळायचं कारण नव्हतं. कलहंस होते. एकेकाचं डोकं त्यांनी न्याहाळलं, थवा दोनदा मोजला, ऊन डोक्यावर येईपर्यंत पाळ सोडली नाही. लहानखुरा त्यांच्यात नव्हता. पुढे निघून गेला असावा.

परतताना ते घरी न जाता आनंदकडे गेले. आनंद ओसरीत पेपर वाचत होता.

"एवढ्या उन्हात कुठून?"

"वढवाण्याहून." भास्करराव चप्पल न काढताच खुर्चीवर टेकले. "आनंद, तो कलहंस नव्हता."

आनंदने पेपराची घडी घातली. "माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"तुझ्यानंतर मीच नाही का पाहिलं? पांढरं कपाळ, पिवळं कडं, सगळं स्वच्छ दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तिच्यादेखत तुला खोटा पाडू?" आनंद म्हणाला. "तीस वर्षं बरोबर हिंडलो रे आपण."

भास्कररावांनी मान खाली घातली. दोन वर्षं हेच तर त्यांना आनंदच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर त्यांना वर बघवेना.

"येत्या रविवारी ती यायची नाही म्हणते," आनंद पुढे म्हणाला. "म्हटलं, का? तर म्हणे, माझी नजर अजून कच्ची आहे काका, मला दिसतं ते तसं नसतंच. मोजणी तुम्ही दोघंच करा. तिला काय सांगावं ते मला सुचेना."

आतून कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. भास्कररावांनी खिशातून फोन काढला, चष्मा डोक्यावरून खाली ओढला.

"तिचा नंबर सांग."

"तुझ्याकडे नाही?"

"घेतला नव्हता कधी."

आनंद एकेक आकडा सांगत गेला. पलीकडे दोनच रिंग झाल्या.

"हॅलो, कोण?"

"मी भास्करराव बोलतोय."

"अरे, काका! तुमचा फोन?" मागे बँकेतला गोंगाट होता. "बधुं बरोबर ने? सगळं ठीक ना? आनंदकाका ठीक आहेत ना?"

"ठीक आहे तो. इथेच बसलाय." भास्करराव उठून ओसरीच्या कठड्यापाशी गेले. आनंदकडे त्यांची पाठ झाली. "दीप्ती, रविवारी दुर्बिणीतून पाहिल्यावर मी तुझ्याशी खोटं बोललो."

पलीकडचा गोंगाट हळूहळू कमी होत गेला. ती चालत कुठेतरी बाहेर येत असावी. भास्करराव कठडा धरून उभे राहिले.

"काका," ती शेवटी म्हणाली, "का?"