सोफ्यावरचे व्याही

उन्मेषशी लग्न होऊन रत्नागिरीला आल्यावर ऋजुताने या घरात पहिली खरेदी केली ती चार उशांची. सोफ्यावरच्या, शोभेच्या. एकीवर न्यूटन, एकीवर डार्विन, एकीवर मादाम क्युरी आणि एकीवर फेटेवाले रामन. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, तेव्हा हौसही तशीच.

सासूबाईंना, आनंदीबाईंना, उशा बघून घाम फुटला. या घरात पेपरला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. "एवढ्या थोर माणसांच्या तोंडाला पाठ लावून बसायचं? मला नाही हो जमायचं!" त्यांचं बघून सगळेच सोफ्याच्या कडेवर, एसटीची वाट बघत असल्यासारखे बसू लागले. सासरे हरिहरपंतांची कंबर धरली. शेवटी उशा कपाटावर गेल्या.

ऋजुताला फार वाईट वाटलं. भिंतीवर या घराचे पूर्वज हारांसकट हजर होते. तिचं म्हणावं असं कोणीच नव्हतं.

तिच्या पहिल्या मंगळागौरीच्या आदल्या दिवशी आनंदीबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे चालायचं गो, त्या उशांवरच्या थोरामोठ्यांना असं टेकलेलं?"

"आमच्याकडे ते भिंतीवर होते. वसतिगृहात, पेपरातून कापून लावलेले. आई-बाबा गेल्यावर खोलीत तेवढेच चेहरे होते."

मग कोण कुठला तेही तिने न विचारता सांगून टाकलं. आनंदीबाई वाती वळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. शेजारच्या यमूताई गुडघे धरून सोफ्याकडे निघाल्या आणि वाटेतच म्हणाल्या, "सुनेच्या माहेरचं कोणी दिसत नाही ते?"

सकाळपासून ऋजुता याच प्रश्नाला घाबरून होती. तिने मान खाली घातली.

"तिथे नको हो टेकूस, यमू," आनंदीबाई म्हणाल्या. "व्याही बसलेत."

सोफ्यावर चारही उशा ओळीने बसल्या होत्या. पुरुषांना गंध, क्युरीबाईंना हळदकुंकू. यमूताईंनी चष्मा चढवला.

"आणि ह्या कोण?"

"विहीणबाई. पोलंडच्या."

"लांब पडत असेल गो त्यांना."

"म्हणून तर राहायलाच आल्यात."

यमूताईंनी विहीणबाईंना नमस्कार केला. ऋजुताला हुंदका आवरेना.

"रडायचं नंतर," आनंदीबाई म्हणाल्या. "आधी यमूला खुर्ची आण. सोफा भरलाय."