नंदीच्या बैठकीचा गेंडा

मी गेंडा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे बघून तसं कुणाला वाटत नाही.

येलदरीच्या धरणाजवळ, जिथून अडवलेलं पाणी दिसतं अशा उतारावर, एक छोटी बाग आहे. तिच्या वरच्या टोकाला ‘जंगल’ अशी पाटी लावलेला कोपरा आहे. तिथं आम्ही सहा जनावरं: सिंह, जिराफ, अस्वल, दोन हरणं आणि मी. सगळे सिमेंटचे आणि सगळे बसलेले. मी पाय पोटाशी घेतलेत, पुढचा उजवा पाय जरासा उचललाय. गळ्यात घुंगुरमाळ आहे, पाठीवर झालरीची झूल आहे. नाकावर शिंग आहे म्हणून बरं. त्या एकाच पुराव्यावर मी स्वतःला गेंडा म्हणवतो.

मला घडवलं गुरुसिद्धप्पा गवंड्यानं. जिंतूर-सेलूकडच्या कितीतरी महादेवाच्या देवळांपुढचे नंदी त्याच्या हातचे. सगळी हयात त्यानं नंदीच केले. अठ्ठ्याहत्तर साली बागेचं काम निघालं, तेव्हा शाळेतला प्राण्यांचा तक्ता त्याच्या हातात देऊन सांगितलं गेलं, ही जनावरं कर. त्यानं तक्ता भिंतीला लावला, दोन दिवस नुसता बघत बसला, आणि तिसऱ्या दिवशी पहिला सिंह बसवला. नंदीसारखा.

ओव्हरसिअर साहेब बघायला आले. म्हणाले, “मिस्त्री, जंगलातली जनावरं अशी आरतीला बसल्यासारखी का बसलीत?”

“साहेब, उभं जनावर टिकत न्हाई. पाय चिरतेत.”

“बरं, पण गेंड्याच्या गळ्यात माळ कुणी घातली?”

गुरुसिद्धप्पानं माझ्याकडे पाहिलं. ती माळ त्याच्या हातानं त्याला न विचारताच कोरली होती. “गळा मोकळा बरा दिसंना साहेब,” तो म्हणाला.

साहेब हसले आणि गेले. माळ राहिली.

माझं डोकं आणि गळा झाला होता, धड राहिलं होतं, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्याच्या वस्त्या जळल्या. रस्ते बंद, एसट्या बंद. गुरुसिद्धप्पाच्या हाताखाली लिंबाजी नावाचा माणूस होता. त्याच्या गावातली त्यांची घरं जळाल्याचा निरोप आला आणि तो हातातलं घमेलं तसंच ठेवून पायी निघून गेला. सळई घेऊन येणारा ट्रक आलाच नाही. मग गुरुसिद्धप्पानं माझं पोट दगडविटांनी भरलं, आणि माल कालवायला गावाकडून बायकोला, भागम्माला, आणलं. ती दोघं बागेतच पत्र्याच्या खोलीत राहिली. त्या पावसाळ्यात दुसरं माणूस तिथं नव्हतं. ती माल द्यायची, तो थापीनं लावायचा.

सळईऐवजी दगड आल्यामुळे माझं एक ठरून गेलं. मला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ठेवायचं तर इथंच, नाहीतर फोडायचं.

बाग सुरू झाली. पोरं पाठीवर चढायची, शिंगाला लोंबकळायची. मी सुखात होतो. पुढच्या श्रावणात धरण बघायला बायकांचा घोळका आला. त्यांतली धुरपताबाई नावाची म्हातारी माझ्यापाशी थांबली. तिनं घुंगुरमाळ पाहिली, झूल पाहिली, आणि महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात सांगतात तसं वाकून, तोंडाला पदर लावून, माझ्या कानात काहीतरी सांगितलं. मागच्या बायका लगेच ओळीत उभ्या राहिल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही.

गुरुसिद्धप्पा तेव्हा कुंपणाची डागडुजी करत होता. तो ओरडला, “आवो आक्का, गेंडं हाय ते!”

“असू दे की,” म्हातारी म्हणाली, “ऐकायलंय तर खरं!”

तेव्हापासून माणसं माझ्याशी बोलू लागली. त्यांची एक रीत मी पाहिली. आधी इकडंतिकडं बघायचं, मग खोटंच खोकायचं, मग सांगायचं. सांगून झालं की माझ्या कानावर हलकी थाप मारायची, डब्याचं झाकण लावावं तशी. कुणाला बदली हवी होती, कुणाचा जावई प्यायचा. बागेच्या दारापाशी चहाफुटाण्याचं दुकान असलेले किशनराव एकदा भर दुपारी आले. त्यांची बायको परभणीच्या दवाखान्यात होती. कानाशी तोंड नेऊन नुसते श्वास घेत राहिले. बायको बरी होऊन आली. मी काहीच केलं नव्हतं. पण त्या दिवसापासून किशनराव दुकान उघडायच्या आधी मला लांबून हात जोडतात.

श्याऐंशी साली गुरुसिद्धप्पा उदगीरकडे एका देवळाच्या कामाला गेला आणि तिथंच तापानं गेला. निरोप पोचून भागम्मा तिथं जाईपर्यंत भाऊबंदांनी त्याला त्यांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसवून माती दिली होती. तिला फक्त ओली माती बघायला मिळाली. येलदरीहून तिथं जायचं म्हणजे एक अख्खा दिवस जातो. वर्षातून एकदा तिला जमायचं, दोन वर्षं तेही जमलं नाही.

बागेच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी तिला बागेत पाणी घालायचं काम दिलं. ती झारी घेऊन सगळ्या वाफ्यांवरून फिरायची, आणि सोमवारी सकाळी, बाग उघडायच्या आधी, माझ्या कानाशी यायची. ती काही मागायची नाही. घरचं सांगायची.

“थोरलीला मुलगी झाली, मालक. नाक तुमचंच हाय.”

“तुमच्या थापीची मूठ हलायलीय. कुणाला देऊ ती? तुमचा पुतण्या शिवाप्पा मागायलाय. पण त्यो लय आळशी.”

“आज काई न्हाई सांगायला. अशीच आले.”

सात वर्षं मी हे ऐकलं. तिच्या सगळ्या घराची खबर मला आहे.

दरम्यान आम्ही म्हातारे झालो. सिंहाचा जबडा झिजला, हरणांची शिंगं पोरांनी नेली. माझ्या पायाच्या कडा उघड्या पडल्या. किती पोरांच्या नडग्या मी सोलल्या असतील, त्याची मला लाज वाटते. त्र्याण्णव सालच्या गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंपाचा धक्का इथवर जाणवला आणि जिराफाची मान कोसळली. खाली कुणी नव्हतं. पण लातूरकडे किती माणसं गेली ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मग त्या पडलेल्या मानेकडे बघून कुणाला हसू आलं नाही. समितीनं कोपऱ्याला दोरी बांधली आणि फळ्यावर लिहिलं: जंगल काढून त्या जागी नवं काय करावं, कल्पना सुचवा.

बैठकीच्या आधीच्या सोमवारी भागम्मा आली. माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, “मालक, हे जनावर काढणार म्हणायलेत. मंग मी तुमाला कुठं गाठू?”

बैठक बागेतच झाली, माझ्यासमोर, लिंबाखाली सतरंजी टाकून. भागम्मा जवळच्या वाफ्याला पाणी घालत होती. त्या वाफ्याला तिनं त्या दिवशी तीनदा पाणी घातलं.

एकानं सिमेंटचं रॉकेट सुचवलं. दुसऱ्यानं झुकझुक गाडी. लगेच कुणीतरी म्हणालं, “गाडी बघायची तर पोरं पूर्ण्याला नेऊ की, तिथं रोज फुकट दिसायलीय.” पुतळ्याचा विषय निघाला. कुणाचा, हे मात्र कुणी बोललं नाही. त्या वर्षी नामांतराचा वाद पुन्हा तापला होता, ते बोलणं सोपं नव्हतं. आबासाहेबांना रंगीत कारंजं हवं होतं. शेवटी चित्रकलेचे बन्सीधर गुरुजी उठले. त्यांनी कागदावर आखून आणलं होतं: उतारावरून लहान लहान पाट, त्यांना पोरांच्या हाताला येतील अशी लाकडी दारं, आणि खाली वाळूचे वाफे. दार उघडायचं, पाणी वळवायचं, वाफा भिजवायचा.

“अहो गुरुजी,” आबासाहेब म्हणाले, “पोरं घरी तेच करतेत. दारं धरून धरून कटाळलेत बिचारे.”

“घरी चुकलं की मार बसतो, आबासाहेब. इथं चुकू द्यायचं.”

सगळे हसले, पण ती कल्पना सगळ्यांच्या मनात उतरली. खरं सांगतो, मलाही आवडली. माझ्यापेक्षा चांगली होती.

तेव्हा किशनराव उभे राहिले. “बाकी सगळं काढा. ह्याला हात लावू नका.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हा नंदी हाय. लोकं नवस बोलतेत. वरून छत घालू, पत्रे माझे. सोमवारी आरती करू.”

“किशनराव, त्याच्या नाकावर शिंग हाय!”

“देवाला कुठलं बी रूप घेता येतं. तुमचं काय चाललंय?”

वाद वाढला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आबासाहेबांनी हात वर केला. “हे बघा. देव असंल तर मी फोडू देणार न्हाई. नसंल, तर लेकरांच्या वाटंत हा दगड ठेवणार न्हाई. ज्यानं केला त्यो गेला. पण त्या पावसाळ्यात त्याच्याजवळ एक माणूस होतं. भागम्मा, इकडं ये. सांग, गुरुसिद्धप्पानं ह्याला नंदी म्हणून केलता का?”

ती झारी घेऊनच आली. किशनराव तिच्याजवळ सरकून हलकेच म्हणाले, “मावशे, एक हो म्हण. वाचंल की.”

ते सोपं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर मी आज छताखाली असतो. आणि तिला गाठायची जागा राहिली असती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला काहीच सांगू शकत नव्हतो.

तिनं झारी खाली ठेवली.

“नंदी करायचा असला की मालक लिंगपूजा करून उपाशी बसायचे,” ती म्हणाली. “नंदीचे डोळे उघडोस्तवर पाण्याचा घोट घ्यायचे न्हाईत. मला जवळ येऊ द्यायचे न्हाईत.”

“आन् ह्याच्या टायमाला?” आबासाहेबांनी विचारलं.

“ह्याच्या टायमाला ह्याच्याच पाठीवर मांडी घालून भाकर खायचे. बिडी वडायचे. मला म्हणायचे, भागे, पाठ चांगली घोट, लेकरांला खरचटायला नको. ही पाठ म्या माझ्या तळव्यानं घोटलीय. नंदीवर कुणी बसतं का, आबासाहेब? मालकानं नंदी केला असता तर मी फोडू दिला नसता. पण ह्यो गेंडा हाय. लेकरांसाठी केलाय. त्यांनी केलं न्हाई ते मी कसं सांगू?”

किशनराव खाली बसले. अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मंग माझ्या मंडळीचं?”

“ती डाक्टरच्या गुणानं आन् तुमच्या सेवेनं उठली, किशनराव. ह्यानं नुसतं ऐकून घेतलं.”

गुरुजींची कल्पना ठरली. आमचे दगड पाटांच्या तळाला घालायचं ठरलं. भागम्मानं झारी उचलली आणि राहिलेले वाफे पुरे केले.

फोडायचं काम शिवाप्पाला मिळालंय. परवा बुधवारी तो माझ्यासाठी घण घेऊन येईल. अस्वल, हरणं आणि जिराफाचं उरलेलं धड झालं. सिंह काल गेला. मला त्यानं शेवटी ठेवलंय, आळशी म्हणून की भागम्माला भिऊन, कोण जाणे.

आज सोमवार. ती सकाळी आली. बाग उघडली होती, कामावरची माणसं इकडंतिकडं होती. तिनं आजूबाजूला पाहिलं नाही, खोकली नाही, कानापाशी वाकलीही नाही. लुगडं सावरून माझ्या पाठीवर बसली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. पाण्याकडे तोंड करून, मोठ्यानं बोलली.

“विद्यापीठाचं नाव झालं, मालक. लिंबाजीनं पेढा आणून दिला. म्हणला, मिस्त्री असते तर त्यांच्या हातावर ठेवला असता. म्या दोन घेतले.”

जवळून विटा नेणाऱ्या बाया थबकल्या. तिनं आवाज कमी केला नाही.

“थापी शेवटाला शिवाप्पालाच दिली. परवा त्यो हे काढणार हाय. मी येणार न्हाई बघायला. मला सांगायचं असलं की मी आता कुठूनबी सांगंन. तुमी ऐका म्हंजे झालं.”

मग ती उतरली. माझ्या पाठीवरून एकदा तळवा फिरवला, घोटल्यासारखा, आणि कामाला गेली.

माझं एवढंच मागणं आहे. नवा कोपरा झाला की लेकरं घेऊन या, त्यांना पाणी वळवू द्या. तिथं झारी भरता भरता एखादी म्हातारी एकटीच बोलताना दिसली, तर हसू नका. कुणाशी बोलता, असंही विचारू नका. जरा पलीकडून जा. आणि तिनं तुमच्याकडे पाहिलंच, तर शेजारी बसा. उत्तर द्यायची काळजी करू नका. मी इतक्या वर्षांत एकालाही उत्तर दिलं नाही, आणि तरी माणसं परत येत राहिली.